बोलणं मागच्या सीटवरून

आम्ही बचत गटाच्या बाया. आमच्यातल्या फार थोड्यांना गाडी चालवता येते. मग तुम्ही अपघातावर काय बोलणार, असं गावातल्या एका दादांनी हसून विचारलंही. पण लग्नाला, देवाला, दवाखान्यात जाताना मागे दाटीवाटीनं बसणाऱ्या आपणच असतो ना! तेव्हा आजचं बोलणं मागच्या सीटवरून.

आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर. सरळ रस्ता, सिग्नल नाही, आडवी बैलगाडी नाही. असा रस्ता सुरक्षित वाटतो आणि घोळ तिथेच होतो. तासन्‌तास समोर तेच तेच दिसत राहिलं की डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, पण मन सुस्तावतं. वेगाचीही नजरेला सवय होते. तासभर 120 नं गेलेल्या माणसाला 80 म्हणजे रांगणं वाटतं. आता हिशेब करा. 120 च्या वेगानं गाडी एका सेकंदात 33 मीटर जाते. 5 सेकंद डोळा लागला तर दीडशे मीटरहून जास्त, म्हणजे आपल्या एसटी थांब्यापासून शाळेपर्यंत गाडी कुणीच चालवत नाही.

झोपेचं आणखी एक आहे. झोपाळलेल्या माणसाला आपण किती झोपाळलोय ते नीट कळत नाही. पहाटे दोन ते पाच अंगच झोप मागतं, दुपारी जेवणानंतरही मागतं. पण तो म्हणतो, मला सवय आहे. दहा वेळा रात्रभर गाडी हाकून सुखरूप पोहोचला की त्याला वाटतं आपण पक्के ड्रायव्हर. खरं तर दहा वेळा नशीब बरं होतं. वेगाचंही तसंच. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. सरकारी नोंदीत त्यातल्या दहातल्या सात मृत्यूंपुढे अतिवेग लिहिलाय. त्यातल्या कितीजणांना वाटलं असेल की आपण जोरात चाललोय?

आमच्या गटातल्या एका ताईंचा भाऊ असाच गेला. तोच चालवत होता. गाडीत आणखी चौघं होती आणि चौघांनाही दिसत होतं की त्याची मान पडतेय. कुणी काच खाली केली, कुणी गाणं मोठं केलं. गाडी बाजूला घे, असं कुणी म्हणालं नाही. काच आणि गाणं यांनी झोप जात नाही हो, फक्त आपल्याला काहीतरी केल्यासारखं वाटतं. चहानंही लगेच तरतरी येत नाही, अर्धा तास जावा लागतो. चहा पिऊन थांब्यावरच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटले तर उपयोग होतो, तोही थोड्या वेळापुरता.

का बोलत नाही आपण? बायको बोलली की ‘मग तू चालव’. सून असेल तर सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं कसं? भाड्याची गाडी असली तर परक्या माणसाला काय सांगायचं! हळू चालव म्हटलं की गड्यांना अपमान वाटतो. म्हणून आम्ही शब्दच बदललेत. ‘पोराला मळमळतंय, थांबवा जरा’ म्हटलं की कुणीही थांबतो. खोटं आहे, पण चालतं. आणि घरून ‘कुठवर आलात’ म्हणून फोन करायचा तो चालवणाऱ्याला नाही, शेजारी बसलेल्याला.

पट्ट्याचंही बोलू. पट्टा पुढच्यांनीच लावायचा असतो, हा समज घट्ट बसलाय. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, ते दोघेही गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. एवढी महागडी गाडी होती ती. आणि मांडीवरचं बाळ कितीही घट्ट धरा, धडक बसली की हातात राहत नाही.

आता ड्रायव्हरकडून बघा. लग्नाला आपण त्याला पहाटे चारला बोलावतो. तो शेवटच्या पंगतीला जेवतो, उन्हात गाडीतच पाय बाहेर काढून पडतो. मांडवात बँड वाजत असतो, त्याला झोप कुठली? रात्री अकराला पाठवणी झाली की आपण म्हणतो, चला, निघू. उद्या सकाळी मालकानं त्याची दुसरी फेरी ठरवलेली असते. अशा माणसाला निष्काळजी म्हणणं सोपं आहे.

वैशाखात आमच्या गटातल्या एका काकूंच्या मुलीचं लग्न आहे, वऱ्हाड नाशिककडे जाणार. परतीला रात्री निघायचं नाही, ड्रायव्हरला पंखा असलेल्या खोलीत खाट द्यायची आणि पहाटे सहाला निघायचं, असं ठरलंय. गाडीमालक मुक्कामाचे 500 रुपये जास्त मागतो. काकूंचे दीर म्हणतात, कशाला, तीन तासांत तर घरी पोहोचू. ते 500 गटातून द्यायचे का, हा विषय सोमवारच्या बैठकीत घेतलाय.