प्रश्नाची भाषा आणि ‘नाही’चा अर्थ



छत्तीसगडमध्ये २००७-०८ च्या खरीप हंगामापासून धान खरेदीचे संगणकीकरण झाले. पुढे रास्त भाव दुकानांना पाठविलेल्या धान्याच्या नोंदीही संगणकावर आल्या. २०१२ मध्ये रायपूर शहरात ‘कोअर पीडीएस’ योजना सुरू झाली आणि शिधापत्रिकाधारकाला दुकान निवडण्याची मुभा मिळाली. नोंदी अशा रीतीने साठल्या. त्यांना प्रश्न कोण विचारू शकतो, हा यापुढचा मुद्दा आहे.

१९७४ मध्ये आयबीएमचे डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. आजची एसक्यूएल ती हीच. तिची घडण इंग्रजीसारखी ठेवली, कारण प्रोग्रामर नसलेल्यांनाही माहिती शोधता यावी, असा हेतू होता. परंतु तक्त्यांची नावे व त्यांचे परस्परसंबंध ठाऊक असल्याखेरीज तिचा उपयोग होत नाही. म्हणून सामान्य भाषेजवळ जाणारी मर्यादित प्रश्नभाषा तयार केली जाते.

यासाठी पार्सर, म्हणजे वाक्यविश्लेषक, लागतो. तो प्रत्येक वेळी मुळापासून लिहावा लागत नाही. १९७५ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी रचलेल्या ‘यॅक’ या साधनाला व्याकरणाचे नियम दिले की ते विश्लेषक तयार करून देते. आज अशी अनेक तयार साधने उपलब्ध आहेत.

समजा, प्रश्न असा आहे : ‘रायपूर जिल्ह्यातील कोणत्या दुकानांना मार्चमध्ये तांदूळ मिळाला नाही?’ विश्लेषक प्रथम शब्द वेगळे करतो आणि नंतर त्यांची कार्ये ठरवितो. ‘जिल्ह्यातील’ हे स्थळ, ‘मार्चमध्ये’ हा काळ, ‘तांदूळ’ ही वस्तू. मराठीत शब्दांचा क्रम बदलला तरी प्रत्ययांमुळे अर्थ बहुधा टिकतो. म्हणून येथे नियम शब्दक्रमापेक्षा प्रत्ययांवर अधिक आधारावे लागतात.

खरी कसोटी ‘नाही’ या शब्दाची आहे. तांदूळ न मिळालेल्या दुकानाची पावतीच नसते. केवळ पावत्यांच्या तक्त्यात शोध घेतला, तर ते दुकान कधीच सापडणार नाही. सर्व दुकानांच्या यादीतून पावती असलेली दुकाने वजा करावी लागतात. हा नियम व्याकरणात नसेल, तर वंचित राहिलेलेच उत्तरातून वगळले जातात. निम्मा तांदूळ मिळालेले दुकान कोणत्या गटात मोडते, हेही आधी ठरवावे लागते.

म्हणूनच चांगली प्रणाली आपल्याला समजलेला प्रश्न उत्तराआधी पुन्हा मांडून दाखविते, आणि न समजल्यास तसे स्पष्ट सांगते. आज भाषिक प्रारूपे प्रश्नाचे रूपांतर एसक्यूएलमध्ये करू लागली आहेत. त्यांनाही हीच कसोटी लागू पडते. चुकीचे उत्तर खात्रीने देणाऱ्या यंत्रापेक्षा ‘प्रश्न समजला नाही’ असे सांगणारे यंत्र लोकप्रशासनाला अधिक उपयोगी आहे.