धावणाऱ्याची नाडी

विद्यानगरहून धारवाडच्या वाटेला लागले की उणकलचे विस्तीर्ण तळे लागते आणि जवळच नृपतुंग टेकडी उभी आहे. या बाजूला पहाटे धावावयास येणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनगटावर आता नाडी मोजणारे घड्याळ असते. घड्याळ आकडा दाखविते. त्याचा अर्थ लावणे मात्र धावणाऱ्याकडेच राहते, आणि तेथेच पुष्कळांची फसगत होते.

विद्यानगरातील वैद्यकीय महाविद्यालय ज्या १९५७ साली सुरू झाले, त्याच वर्षी फिनलंडमधील मार्टी कार्वोनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुणांना फिरत्या पट्ट्यावर धावावयास लावून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाने रूढ झालेली रीत सोपी आहे. हृदयाच्या कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करावयाचे आणि शिल्लकीचा ठराविक हिस्सा पुन्हा विश्रांतीच्या ठोक्यांत मिळवावयाचा. चाळीस वर्षांच्या दोघांचे कमाल ठोके मिनिटास १८० धरू. पहाटे अंथरुणात एकाची नाडी ६० भरली, दुसऱ्याची ८०. साठ ते सत्तर टक्के जोराचा पट्टा पहिल्यास १३२ ते १४४ असा येतो, दुसऱ्यास १४० ते १५०. वय एक, हिशेब दोन! शेजाऱ्याच्या घड्याळात डोकावून आपली चाल ठरविण्यात अर्थ नाही तो यामुळेच.

खरा घोळ आहे कमाल आकड्याचा. २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र सर्वतोमुखी आहे. २००१ साली तानाका यांनी २०८ मधून वयाचा सात-दशांश भाग वजा करावा असे सुचविले. चाळिशीत दोन्हींचे उत्तर १८०च येते; साठीत मात्र एक १६० सांगते, दुसरे १६६. शिवाय दोन्ही सूत्रे सरासरीची. निरोगी माणसाचा खरा आकडा त्याहून दहा-बारा ठोक्यांनी सहज वर किंवा खाली असू शकतो.

तेव्हा आकड्याला बोलण्याची जोड द्यावी. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता येत असतील, तर जोर बेताचा आहे. आठवड्यातील बहुतेक धाव याच पट्ट्यात व्हावी. दम लागेल अशी एखाद-दुसरी पुरे. पण हे पचनी पडणे अवघड. टेकडीचा चढ लागताच तीच चाल नाडीला वरच्या पट्ट्यात ढकलते. एप्रिलच्या उकाड्यात सपाटीवरही तेच होते. अशा वेळी पावले आवरावी, हवे तर चालावे. मागून आलेला पुढे गेला म्हणून बिघडत नाही; अर्थात चाळिशीच्या गृहस्थांना हे पटविणे नाडी मोजण्याहून कठीण!

रक्तदाबासाठी वा हृदयविकारासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर वर्गातील औषधे नाडीचा वेगच रोखून धरतात. ती घेणाऱ्यांना वरील हिशेब लागू पडत नाही. त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आणि छातीत दडपल्यासारखे वाटले किंवा भोवळ आली, तर घड्याळ १२० दाखवीत असले तरी त्याच क्षणी थांबावे आणि तडक रुग्णालय गाठावे.