सिराक्यूजचा जिबिलिस्को

बांबूउडीच्या खेळांत आतां बांबू उरलेला नाहीं. अमेरिकेच्या वॉर्मरडॅमनें १९४० सालीं १५ फुटांची मर्यादा प्रथम ओलांडली, ती वेळूच्याच काठीवर. पुढें कांचतंतूंची लवचिक काठी आली, आणि खेळाडूच्या धांवेचा वेग वांकलेल्या काठींत क्षणभर सांठून त्यालाच वर झुगारूं लागला. नांव मात्र मराठींत जुनेंच राहिलें, आणि तें तसेंच राहावें हें बरें!

तरफेचें मर्म जगाला उकलून दाखविणारा आर्किमिडीज ज्या सिराक्यूज नगरींत झाला, त्याच सिसिलींतील नगरींत ५ जानेवारी १९७९ रोजीं जुसेप्पे जिबिलिस्को जन्मला. सुप्रसिद्ध सर्गेइ बुबकाचे गुरु वितालि पेट्रोव्ह हे इटलींत फोर्मिया येथें शिकवीत असत. त्यांच्या हाताखालीं त्याची विद्या पक्की झाली. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्यें तो दहावा आला. आणि ऑगस्ट २००३ मध्यें, पॅरिसच्या जागतिक स्पर्धेंत, या चोवीस वर्षांच्या तरुणानें ५.९० मीटर, म्हणजे १९ फूट ४ इंचांहून किंचित् अधिक उंची ओलांडून सुवर्णपदक मिळविलें. बांबूउडींत इटलीला जागतिक विजेतेपद मिळण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षीं अथेन्स येथें मॅक व स्टीव्हन्सन या दोघां अमेरिकनांच्या पाठोपाठ ५.८५ मीटर उडीनें त्याला कांस्यपदक लाभलें.

आडवी काठी पडली कीं राहिली, हें साऱ्या मैदानाला दिसतें. आरोपाचें तसें नसतें. २००७ सालीं उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांत त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. चांचणींत त्याच्या शरीरांत कांहीं सांपडलें, असें नव्हे. एका डॉक्टरासंबंधींच्या चौकशींतून संशय त्याच्यापर्यंत येऊन पोंचला होता. वीस-बावीस पावलांच्या धांवेवर ज्याचें सारें आयुष्य उभें, त्याला धांवण्याचीच मनाई! त्यानें लोझान येथील क्रीडा-लवादाकडे दाद मागितली. मे २००८ मध्यें लवादानें पुरावा अपुरा ठरवून बंदी रद्द केली, आणि त्याच उन्हाळ्यांत तो बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें उतरला. तेथें पदक मिळालें नाहीं. २०१२ सालीं लंडनमध्येंही नाहीं. परंतु पंचविशीच्या आसपास ज्यानें सारें मिळविलें, तो तेहतिसाव्या वर्षीं चौथ्या ऑलिंपिकला काठी घेऊन उभा राहिला.

पुढें त्यानें बर्फाच्या उतारावरून घसरणाऱ्या बॉबस्ले गाडीच्या पथकांत नशीब अजमावलें. आरंभीं ती गाडी ढकलीत नेण्यासाठीं तेथेंही त्याची धांवच हवी होती.