विसरण शिकविताना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, जुने शहर, अकोला येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या प्रसंगी निवृत्त शिक्षकाने चार उपदेशाचे शब्द सांगावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु उपदेश आपण सर्वांनीच पुष्कळ ऐकलेला आहे. म्हणून आज मी उपदेशाऐवजी माध्यमिक शाळेतील विज्ञानाचा एक लहानसा धडाच आपल्यापुढे मांडणार आहे. धडा विसरणाचा. पुस्तकात तो अर्ध्या पानाचा असतो. पण तो नीट शिकविला तर विज्ञान म्हणजे काय हे मुलास कळते, आणि नुसता पाठ करविला तर विज्ञान म्हणजे व्याख्या अशी त्याची कायमची समजूत होते. सत्कार झालेल्या मुलांपैकी कितीजण दहावीनंतर विज्ञानाची वाट धरतात आणि कितीजण भिऊन मागे फिरतात, याचे मूळ अशा लहान धड्यांत असते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. 'विसरण' हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्गात हमखास खसखस पिकते. "गुरुजी, हे तर आम्हांला न शिकविताच येते!" असे एखादा खोडकर मुलगा म्हणतोच. त्याला दटावू नये. आपले 'विसरणे' हे 'विस्मरणा'पासून आले. विज्ञानातील विसरण हे 'सृ' म्हणजे सरकणे, पसरणे या धातूपासून आले. त्याच धातूची आणखी तीन भावंडे मुलांना शाळेत भेटतात. उष्णतेने पदार्थ फुगतो ते प्रसरण. पाणी किंवा वारा आपल्याबरोबर उष्णता वा पदार्थ वाहून नेतो ते अभिसरण. निवडक्षम पारपटलातून पाणी आरपार जाते ते परासरण. ही चार भावंडे एकाच दिवशी फळ्यावर शेजारी शेजारी उभी केली, तर परीक्षेत होणारा निम्मा गोंधळ तेथेच टळतो.

आता व्याख्या. 'पदार्थाचे कण अधिक संहतीकडून कमी संहतीकडे जातात, त्यास विसरण म्हणतात.' वाक्य बरोबर आहे. पण मुलाच्या मनात त्यातून एक चुकीचे चित्र उभे राहते. जणू प्रत्येक कणाला ठाऊक असते की पलीकडे मोकळी जागा आहे, आणि तो तिकडे निघतो! कणाला काहीही ठाऊक नसते. तो केवळ इतस्ततः धडपडत असतो. मग दिशा कोठून येते? हे समजाविण्यासाठी एक खेळ सांगतो. तो कोणत्याही अंगणात होतो.

चोवीस मुले घ्यावीत. अंगणाच्या मध्ये खडूची रेघ ओढावी आणि सर्वांना एकाच बाजूस उभे करावे. प्रत्येकाच्या हाती सापशिडीचा फासा द्यावा. दर फेरीस सर्वांनी फासा टाकावा. ज्याला सहा पडतील त्याने रेघ ओलांडावी, मग तो कोणत्याही बाजूस असो. पहिल्या फेरीत सरासरीने चारजण पलीकडे जातील. पुढे पलीकडचेही एखाददुसरे परत येऊ लागतील. पुष्कळ फेऱ्या झाल्या की दोन्हीकडे सुमारे बारा बारा मुले दिसतील. कोणीही कोणाला 'तिकडे जा' असे सांगितलेले नसते. ज्या बाजूस मुले अधिक, त्या बाजूकडून निघणारेही अधिक, एवढेच त्याचे कारण. आणि बारा-बारा झाल्यावर खेळ थांबतो काय? मुळीच नाही. दर फेरीत सरासरी दोघे इकडून जातात व दोघे तिकडून येतात. बाहेरून स्थिर, आतून चंचल अशी ही अवस्था मुलगा एकदा स्वतः खेळला की आयुष्यात विसरत नाही.

कणांची ही धडपड कल्पनेतील नव्हे. 1827 साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागकणांतील सूक्ष्म कण पाण्यात अखंड नाचताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. टॉमस ग्रॅहॅम यांनी त्याच सुमारास वायूंचे विसरण मोजावयास आरंभ केला. 1855 साली अडॉल्फ फिक या शरीरशास्त्रज्ञाने विसरणाचे नियम गणिताने मांडले. 1905 मध्ये आइन्स्टाइन यांनी ब्राउनच्या कणांचे नाचणे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होते हे दाखविले; पुढे फ्रान्समधील ज्याँ पेरँ यांनी प्रयोगांनी ते पक्के केले आणि त्यांस 1926 चे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्ध्या पानाच्या धड्यामागे शंभर वर्षांची तपश्चर्या आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.

आता नेहमीच्या प्रयोगाकडे येऊ. पुष्कळ वर्गांत टेबलावर उदबत्ती लावतात. मिनिटभरात शेवटच्या बाकावर वास येतो. आणि 'हे पाहा विसरण' असे सांगून पान उलटतात. मित्रहो, येथेच खरा विचार करावयाचा आहे. खोलीतील हवेचे रेणू सेकंदाला सुमारे पाचशे मीटर या वेगाने धावतात हे खरे. परंतु पाऊल टाकण्यापूर्वीच ते एकमेकांवर आदळतात आणि दिशा बदलतात. यात्रेच्या गर्दीत सापडलेल्या माणसासारखी त्यांची गत होते. हिशेब केला तर अगदी निश्चल हवेत केवळ विसरणाने वास पाच मीटर जाण्यास सुमारे दोन आठवडे लागतील! मग मिनिटभरात वास आला तो कसा? उदबत्तीने तापलेली हवा वर चढते, दारातून वारा येतो, पंखा फिरतो, मुले हालचाल करतात. हवाच वास वाहून नेते. म्हणजे तेथे प्रामुख्याने अभिसरण घडते. पेल्यातील पाण्यात शाईचा थेंब टाकला की ज्या सुंदर रेषा खाली उतरतात, त्याही बव्हंशी पाण्याच्या प्रवाहाच्याच असतात.

मग निखळ विसरण दाखवावे कसे? पाण्याला हलूच देऊ नये. बाजारात मिळणारे चायना ग्रास पाण्यात उकळून काचेच्या नळीत किंवा उंच पेल्यात ओतावे. थंड झाल्यावर ते थिजते आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यातही वितळत नाही. जिलेटिन मात्र आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. त्यावर खाण्याच्या रंगाचे दाट पाणी घालून तोंड झाकून ठेवावे आणि नळीस कागदाची पट्टी चिकटवावी. पहिल्या, चौथ्या आणि नवव्या दिवशी रंग किती खाली उतरला ते मुलांनी मोजावे. चार दिवसांत चौपट नव्हे, सुमारे दुप्पट. नऊ दिवसांत नऊपट नव्हे, सुमारे तिप्पट असे त्यांना आढळेल. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो, हा विसरणाचा मोठा नियम मुलाने आपल्या पट्टीने स्वतः शोधलेला असतो. खर्च म्हणाल तर एका नारळाइतकाही नाही.

या नियमाचा अर्थ पाहा. साखरेसारख्या पदार्थाचा रेणू स्थिर पाण्यात एक सेंटिमीटर सरकण्यास अर्धा दिवस वा त्याहून अधिक वेळ लागतो. दहा सेंटिमीटरसाठी त्याच्या शंभरपट, म्हणजे महिने! म्हणून तर आपण चहा ढवळतो. परंतु तेच अंतर एका पेशीएवढे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके असेल, तर सेकंदाचा लहानसा अंश पुरतो. निसर्गाने हे गणित केव्हाच सोडविले आहे. आपल्या फुप्फुसांत सुमारे तीस कोटी वायुकोश आहेत आणि त्यांचा व रक्ताचा पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ आहे. तेवढ्या अंतरात प्राणवायू विसरणाने क्षणात पलीकडे जातो. पण फुप्फुसापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत तो विसरणाने पोहोचू म्हणेल तर माणूस वाचणार नाही. तेथे रक्त लागते, हृदय लागते. म्हणून त्यास रक्ताभिसरण म्हणतात, रक्तविसरण नव्हे. शब्दांचा भेद येथे प्राणाचा भेद ठरतो.

विसरणाचे भावंड परासरण; ते तर आपल्या घराघरांत आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, मनुका पाण्यात टाकल्या की टपोऱ्या होतात. आपल्या माता-भगिनी हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. फक्त मुलाला शेजारी बसवून 'असे का होते रे?' एवढे विचारावयाचे राहते. कल्हईवाल्याच्या नवसागराचा पांढरा धूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वायूंचे रसायनही समजाविता येईल.

आणि वऱ्हाडातील मुलाला परासरण शिकविताना दूर कशाला जावयाचे? पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरीचे पाणी मचूळ. त्या पाण्याने जमीन ओली दिसते, तरी पीक कोमेजते. का? मातीतील पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे कठीण होते. क्षार फारच वाढले तर मुळांतीलच पाणी बाहेर जाऊ पाहते. पाण्यात उभे असून तहानलेले झाड! ज्या मुलाने हे बापाच्या शेतात पाहिले आहे, त्याला मिठाच्या पाण्यातील बटाट्याची फोड लिबलिबीत का झाली हे एका वाक्यात कळते. गावोगावी जी आरओची यंत्रे बसली, ती दाब देऊन याच परासरणाची दिशा उलटवितात. आपल्या शहरात 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे. शेतजमिनीचा हा प्रश्न समजणारी मुले आपल्याच घरांतून तेथे जावयास हवीत.

असे शिकविणे शक्य नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली सोळा ग्रामीण शाळांतून स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो 2002 पर्यंत तीस वर्षे चालला. मुंबईस 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोद्यासारख्या गावीही काम केले. श्री. अरविंद गुप्ता यांनी तर टाकाऊ वस्तूंतून प्रयोगशाळाच उभी करून दाखविली. उणीव पैशाची नाही. मुलाजवळ बसणाऱ्या माणसाची आहे.

आता शेवटचा मुद्दा. विद्या आपोआप पसरते, असे आपण समजतो. एका घरातील मुलगा शिकला की त्याचे पाहून शेजारचा शिकेल, मग गल्ली, मग गाव. हे विसरण खरे आहे, जवळच्या अंतरावर ते उत्तमही चालते. घरात आई वाचीत असेल तर मूल वाचू लागते. परंतु अंतर वाढले की ते किती मंद होते, हे आपण आता पाहिले. शहरातील आपल्या चार सुशिक्षित घरांतून खारपाणपट्ट्यातील आपल्या नातेवाइकांच्या मुलींपर्यंत विद्या आपोआप जाईल म्हणून वाट पाहत बसू, तर पिढ्या जातील. तेथे अभिसरण हवे. वाहून नेणारा हवा. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी आपल्या राजराजेश्वरास येते, ते काय आपोआप झिरपत येते? तरुण मंडळी कावडी खांद्यावर घेऊन अनवाणी चालतात, तेव्हा येते.

म्हणून माझी मंडळास तीन नम्र विनंत्या आहेत. पहिली, मंडळाने प्रयोगसाहित्याची एक पेटी करावी. त्यात नळ्या, भिंगे, फासे, तापमापी असावी, आणि ती सुट्टीत गावोगावच्या सभासदांकडे फिरावी. दुसरी, आज ज्यांचा सत्कार झाला त्या प्रत्येकाने वर्षभरात निदान एका लहान मुलास वा मुलीस एक प्रयोग स्वतः करून दाखवावा. तिसरी, पुढील वर्षी गुणांच्या पारितोषिकांबरोबर एक पारितोषिक उत्तम प्रश्न विचारणाऱ्यासाठी ठेवावे.

चहा ढवळल्यावाचून गोड होत नाही, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. चमचा कोणी हाती घ्यावयाचा, एवढेच आज ठरवू या.

जय हिंद! जय महाराष्ट्र!