भिंत कशाची आहे?

दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या छायाचित्रकार मित्रहो,

'दोन्ही जिल्हे' म्हणायची सवय आपल्याला १९४९ पासूनची. त्याआधी यातला बराचसा भाग एकाच साताऱ्यात. मग 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. कृष्णेला मात्र ही वाटणी कोणी कळवलेली दिसत नाही.

प्रदर्शनासाठी आलेली ग्रामीण वास्तूंची कृष्णधवल छायाचित्रं पाहताना एक गोष्ट खटकली. वाडा वाईकडचा असो, माळवद माणमधलं असो की गुऱ्हाळ वाळव्यातलं, सगळ्यांवर एकच काळंकुट्ट आभाळ. माणदेशात उन्हाळ्यात आभाळ फिकट, डोळ्यांना टोचणारं असतं. पूर्वी लाल फिल्टर लावून ते गडद करायचे, आता निळ्याचा स्लायडर डावीकडे ओढतात. जिथे माणसं ढगासाठी मान वर करून बसतात, तिथे आपण घरबसल्या आभाळ भरून आणतो! चित्र भारदस्त होतं, हे खरं. पण माळवद सपाट का, हे त्याच आभाळात लिहिलेलं असतं. पाऊस कमी, म्हणून मातीचं सपाट छप्पर चालतं. महाबळेश्वरच्या बाजूला ते एक पावसाळा काढणार नाही.

एडिटिंग नकोच म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. कॅमेऱ्याच्या मीटरला काळा पाषाण कळत नाही आणि चुनाही कळत नाही. समोर येईल ते मधल्या करड्यावर आणून ठेवायचं, एवढंच त्याला ठाऊक. लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीचा दगड त्यामुळे धुतल्यासारखा राखाडी येतो आणि चुन्याचा हात दिलेलं देऊळ मळकट दिसतं. दगड खाली उतरवायचा, चुना वर चढवायचा, हे आपलंच काम. फक्त दगडाला लावलेलं मोजमाप पांढऱ्या मातीच्या भिंतीला लावू नका. क्लॅरिटी भसाभस वाढवली की सारवलेली भिंतसुद्धा घडीव दगडासारखी खरबरीत दिसते. सारवणावर बोटांच्या अर्धगोल फेऱ्या असतात, तिरप्या उन्हात त्या हलक्याशा उठतात. त्या दिसल्या तर भिंत कशाची आणि तिच्यावरून कुणाचा हात फिरला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

लिंबच्या विहिरीचा विषय निघालाच आहे, तर जरा थांबतो. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान, विरूबाई भोसले यांनी ती बांधवली. नाव बारा मोटांची, पण मोटा लावायच्या जागा पंधरा. आपल्याकडे आलेल्या बहुतेक चित्रांत कमान आहे, पायऱ्या आहेत, तळातून दिसणारा आभाळाचा तुकडा आहे. मोटांच्या जागा मात्र कातरलेल्या. त्या गेल्या की विहिरीची विहीर राहत नाही, भुयार होतं. मोट जिथे रिकामी व्हायची ती जागा आणि पाणी ज्या रानाकडे निघायचं ती बाजू, एवढं तरी चौकटीत ठेवा. शिल्प सुंदर आहे, वाद नाही. पण ती बांधली पाण्यासाठी.

हरिपूरची हळद साठवायची पेवं हे याच्या उलट टोकाचं उदाहरण. जमिनीच्या वर दिसतं ते नुसतं तोंड. सगळी वास्तू पोटात. उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, कोंडलेली हवा आधी जाऊ देतात. अशा जागेचं चित्र तोंडाशी वाकलेल्या माणसावाचून समजतच नाही. आणि हळद! पिवळ्याचा स्लायडर वर नेला की ती चुनखडी, खाली नेला की माती. २००५ च्या महापुरात पाणी शिरून यातली कितीतरी पेवं निकामी झाली, त्यामुळे इथे चुकीचा करडा पुसून पुन्हा फोटो काढू, असं म्हणायची सोय फारशी नाही.

पुरावरून आठवलं. कृष्णाकाठच्या एका घराचं चित्र फार स्वच्छ वाटलं. चौकशी केली, तेव्हा कळलं, भिंतीवरची आडवी रेघ 'डाग' समजून हीलिंग ब्रशने उडवली होती. ती ऑगस्ट २०१९ च्या पाण्याची रेघ. दुसऱ्या चित्रात कललेली भिंत सॉफ्टवेअरने ओळंब्यात आणून ठेवलेली. नदीकाठचं काळं रान पावसात फुगतं, उन्हाळ्यात भेगाळतं. त्यावरची भिंत कलणारच. लेन्सने पाडलेला तिरपेपणा जरूर काढा, जमिनीने पाडलेला राहू द्या. विजेचा मीटर, डिश, पत्र्याची पडवी हेही खोडू नका. रंग गेला की चित्राची तारीख निम्मी जाते. उरलेली निम्मी याच वस्तू सांभाळतात. चित्रामागे गाव, महिना, वर्ष लिहायचा कंटाळा करू नका.

आता समीक्षा. 'फ्रेमिंग मस्त', 'कॉन्ट्रास्ट भारी' यापुढे आपण जातच नाही. 'बनगरवाडी' कादंबरीतल्या तालमीचं चित्र समोर आलं असतं, तर आपण तिच्याही दारावरच्या सावलीचंच कौतुक केलं असतं. ती गावाने मिळून उभारली, याकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं.

म्हणून दुपारच्या सत्रात थोडा बदल केला आहे. परीक्षकांच्या रांगेत दोन गवंडी बसतील. एकाने जन्मभर मातीकाम केलंय, दुसऱ्याने दगड घडवलाय. प्रत्येक चित्रासमोर पहिला प्रश्न ते विचारतील, गुण आपण नंतर देऊ. जेवणं वेळेत उरका, पहिली चित्रं खटाव-माणची आहेत.