बारा तारा आणि एक कडवं : 'द बर्ड्स'चा पहिला अल्बम

हेडफोन लावले असतील तर उत्तमच, कारण आजचा विषय डाव्या-उजव्या कानाने नीट ऐकण्याचा आहे.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. "दुसऱ्याचं गाणं घ्यायचं, वाद्यंही दुसऱ्यांनी वाजवायची, मग तो बँड कसला?" प्रश्न चोख आहे, आणि त्याची चर्चा करायला 'द बर्ड्स'सारखं उदाहरण नाही. २१ जून १९६५ ला या लॉस एंजेलिसच्या बँडचा पहिला अल्बम आला, 'मिस्टर टॅम्बोरीन मॅन'. फोक रॉक नावाचा प्रकार घराघरात पोचला तो प्रामुख्याने याच रेकॉर्डमुळे.

आधी थोडी पार्श्वभूमी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दोन वेगळी जगं होती. एकीकडे फोक : अकूस्टिक गिटार, बँजो, कॉफीहाउस, शब्दांना महत्त्व, गाण्यात युद्ध, वर्णभेद, कामगार. दुसरीकडे रॉक अँड रोल : इलेक्ट्रिक गिटार, ड्रम्स, नाच. फोकवाल्यांना रॉक म्हणजे पोरखेळ वाटायचा. १९६४ मध्ये बीटल्स आले आणि हे गणित बिघडलं.

बर्ड्समधले पाचही जण या फटीतून आले. जिम मॅग्विन (पुढे त्याने रॉजर नाव घेतलं) फोक ग्रुप्समध्ये बँजो आणि गिटार वाजवायचा. जीन क्लार्क आणि डेव्हिड क्रॉस्बी फोक गायचे. ख्रिस हिलमन ब्लूग्रासमध्ये मँडोलिन वाजवायचा, त्याच्या हातात बास पहिल्यांदा इथेच आला. आणि ड्रमर मायकल क्लार्क? सुरुवातीला ड्रम्स घ्यायला पैसेच नव्हते, म्हणून गडी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर सराव करायचा!

मॅग्विनने 'अ हार्ड डेज नाइट' हा बीटल्सचा सिनेमा पाहिला. त्यात जॉर्ज हॅरिसनकडे बारा तारांची रिकेनबॅकर इलेक्ट्रिक गिटार होती. मॅग्विनने तशीच घेतली. आता बारा तारांची गंमत काय? इथे तारा जोड्यांनी असतात. वरच्या दोन जोड्या एकाच सुरात, खालच्या चार जोड्यांमध्ये एक तार दुसरीपेक्षा एक सप्तक वर. तंबोऱ्यात जोडीच्या तारा एकत्र गुंजतात ना, तसं काहीसं. फक्त इथे ती गुंज धातूसारखी लखलखते. त्यावर मॅग्विन बँजोसारखं बोटांनी वाजवायचा, म्हणजे सूर एकामागून एक गरगरत राहायचे. स्टुडिओत त्यावर भरपूर कॉम्प्रेशन दिलं. कॉम्प्रेशन म्हणजे मोठा आवाज दाबायचा आणि छोटा वर आणायचा. त्यामुळे तार छेडल्यावर सूर लगेच विरत नाही, लांबत राहतो. 'जँगल' म्हणतात तो आवाज हाच.

आता गाणं. 'मिस्टर टॅम्बोरीन मॅन' बॉब डिलनचं. मॅनेजर जिम डिक्सनने ते डिलनने बाजारात आणण्याआधीच मिळवलं होतं. बँडला ते सुरुवातीला फारसं आवडलंही नव्हतं. डिलनचं गाणं साडेपाच मिनिटांच्या आसपास, चार कडव्यांचं. बर्ड्सनी ठोका बदलला, तीन कडवी सरळ उडवली, एकच ठेवलं आणि सुमारे अडीच मिनिटांत गाणं संपवलं. सराव ऐकायला डिलन आला, तेव्हा यावर नाचता येतं याचंच त्याला नवल वाटलं.

आमच्या धंद्यात याला रीफॅक्टरिंग म्हणायचा मोह होतो, पण ते चुकीचं ठरेल. रीफॅक्टरिंगमध्ये कोड बदलतो, काम तेच राहतं. इथे कामच बदललं. डिलनच्या गाण्यात झोप उडालेला, थकलेला माणूस आहे. बर्ड्सनी तो थकवा काढून टाकला आणि फक्त प्रवासाचं आमंत्रण ठेवलं. काहीतरी गमावलं, हे मान्यच करायला हवं. पण त्याच कात्रीमुळे डिलनचे शब्द रेडिओवरून लाखो पोरांच्या कानात गेले. सिंगल अमेरिका आणि ब्रिटन, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर.

आणि वाद्यं? २० जानेवारी १९६५ ला हे सिंगल रेकॉर्ड झालं, तेव्हा निर्माता टेरी मेल्चरला बँडच्या तयारीची खात्री नव्हती. म्हणून ड्रम्सवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टल असे लॉस एंजेलिसचे मुरलेले स्टुडिओ कलाकार. बँडमधला वाजवायला एकटा मॅग्विन. गायले मॅग्विन, क्लार्क आणि क्रॉस्बी. इथपर्यंत मेसेजवाल्या मित्राचं बरोबर आहे. पण ही गोष्ट फक्त त्या सिंगलच्या दोन बाजूंपुरती. अल्बममधली बाकी दहा गाणी बँडने स्वतः वाजवली आहेत. आणि पाच गाणी जीन क्लार्कने एकट्याने किंवा मॅग्विनबरोबर लिहिलेली आहेत. 'आय विल फील अ होल लॉट बेटर' ऐका, मग बोलू.

माझ्या मते मात्र अल्बमचा कणा आहे 'द बेल्स ऑफ रम्नी'. मूळ कविता वेल्सचा कवी इड्रिस डेव्हिस याची. तो स्वतः खाणकामगार होता. खाणींच्या गावांतल्या चर्चच्या घंटा एकमेकींशी बोलतात, बडबडगीतासारख्या, आणि विषय असतो खाणीतले मृत्यू आणि १९२६ चा फसलेला संप. पीट सीगरने चाल दिली. बर्ड्सची बारा तारांची गिटार इथे अक्षरशः घंटा होते. नाचाच्या रेकॉर्डवर वेल्सच्या खाणी! फोक रॉक म्हणजे नुसतं गिटारला वायर जोडणं नव्हे, ते हे.

पुढचे सहा महिने बघा. जुलैमध्ये डिलनने न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलमध्ये इलेक्ट्रिक बँडसह गाऊन गदारोळ उडवला. निर्माता टॉम विल्सनने सायमन आणि गारफंकल यांच्या पडलेल्या अकूस्टिक गाण्यावर, त्या दोघांना न सांगता, इलेक्ट्रिक वाद्यं चढवली. 'द साउंड ऑफ सायलेन्स' १९६६ च्या जानेवारीत पहिल्या क्रमांकावर. आणि हॅरिसनने 'इफ आय नीडेड समवन'ची गिटार-धून 'बेल्स ऑफ रम्नी'वरून घेतली. म्हणजे हॅरिसनची गिटार बघून मॅग्विन शिकला, आणि मॅग्विनचं ऐकून हॅरिसन! याच मंडळींनी हॅरिसनला पंडित रविशंकरांच्या संगीताबद्दलही सांगितलं, पण तो वेगळा भाग होईल.

तर "बँड कसला?" याचं माझं उत्तर : वाजवलं कोणी, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. ब्लेन आणि नेक्टलची नावं घ्यायलाच हवीत. पण काय ठेवायचं, काय कापायचं आणि कुठला आवाज शोधायचा, हे ठरवणंही संगीतच आहे.

आता गृहपाठ. आधी डिलनचं 'टॅम्बोरीन मॅन' पूर्ण ऐका, लगेच बर्ड्सचं. मग मला सांगा, उडवलेल्या तीन कडव्यांतलं कुठलं तुम्ही वाचवलं असतं? भेटू पुढच्या भागात.