कोरडं अंथरूण
(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)



चांदणी चौकातून पौड रस्त्याला सायकल घातली की भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड अशी एकेक गावं मागं पडतात आणि त्यांच्याबरोबर पुण्याचा पाऊसही मागं पडतो. पुढं मुळशीत जो लागतो, तो पाऊस निराळा. पुणे शहरात वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस होतो. ताम्हिणीत २४-२५ जुलै २०२४ च्या चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला. म्हणजे आपल्या वर्षाच्या बेगमीतला पाऊण हिस्सा तिथं एका दिवसात रिता झाला. अशा मुलखात सायकलवरून जायचं, उघड्यावर झोपायचं आणि सकाळी कोरडं उठायचं, हा माझा गेल्या अनेक वर्षांचा उद्योग आहे. घरचे त्याला वेगळं नाव देतात, ते इथं सांगण्यासारखं नाही.

हा उद्योग मी शिकलो तो एका चुकीतून, आणि ती चूक माझीच होती. २००९ सालचा जुलै. मी आणि माझा एक मित्र, दोघंही पस्तिशीच्या आसपास, चार दिवसांत ताम्हिणीनं कोकणात उतरून समुद्र गाठायचा, असा बेत. आमच्याकडं नवाकोरा तंबू होता, कॅरियरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या होत्या आणि माझ्याकडं एक तत्त्वही होतं. कुणाच्या दारात जायचं नाही. आपलं आपण राहायचं. मित्र दुपारीच म्हणाला होता, ‘‘एखाद्या देवळात विचारू या का?’’ मी त्याला हसलो होतो.

ताम्हिणी गावाच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत, आम्हाला एक सुरेख जागा मिळाली. सपाट, हिरवीगार, मऊ गवताची. पुढं मला कळलं, की सह्याद्रीत पावसाळ्यात जी जागा सपाट, मऊ आणि इतरांपेक्षा जास्त हिरवी दिसते, ती पाण्यानं स्वतःसाठी करून घेतलेली असते. पण त्या संध्याकाळी आम्हाला ती गादी वाटली. तंबूखाली आम्ही प्लास्टिकचा मोठा कागद अंथरला, तंबूपेक्षा चांगला हात-हातभर मोठा. जास्त कागद म्हणजे जास्त कोरडं, असा हिशेब. प्रत्यक्षात तंबूवरून ओघळलेलं पाणी त्या बाहेर आलेल्या कागदावर पडलं आणि कागदावरून सरळ आमच्या पाठीखाली आलं. रात्री एकच्या सुमाराला वरच्या उतारावरून दुसरं पाणी आलं. ते गढूळ होतं आणि त्याला आवाज होता.

सगळं भिजलं. अंथरूण, कपडे, काड्यापेटी. वारा पश्चिमेकडून होता आणि तंबूचं तोंड आम्ही पश्चिमेलाच केलेलं, कारण तिकडून देखावा चांगला! मित्राला हुडहुडी भरली. पहिल्यांदा आम्ही त्यावर विनोद केले. मग तासाभरानं त्याची थरथर थांबली आणि मला बरं वाटलं. श्रोतेहो, हे मी मुद्दाम सांगतो आहे. भिजलेल्या माणसाची थरथर अंग गरम न होताच थांबली आणि तो जड जिभेनं बोलू लागला, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही, शरीर हरत चालल्याचं आहे. त्यासाठी हिमालय लागत नाही. वीस अंशांत, ओल्या कपड्यांनी, वाऱ्यात हे होऊ शकतं. मित्र मला विचारत होता, ‘‘स्वारगेट आलं का?’’

मग तत्त्व तिथंच सोडलं. त्याला उभं केलं, त्याचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि संध्याकाळी जिथं धूर दिसला होता त्या दिशेनं निघालो. चार घरांचा धनगरवाडा होता. आधी कुत्री आली, मग बॅटरीचा उजेड. म्हाताऱ्या बाबांनी काही विचारलं नाही. ‘‘या, आत या. आधी ती ओली कापडं काढा.’’ घरातल्या आजीनं चूल पेटवली. मित्राला कोरडा करून, घोंगडीत गुंडाळून बसवलं आणि तो धड बोलायला लागल्यावर कोरा, गोड चहा थोडा थोडा पाजला. पुन्हा थरथरायला लागला तेव्हा आजी म्हणाली, ‘‘आता ऱ्हाईल त्यो.’’ तो पहाटेपर्यंत थरथरत होता. मी शेजारी बसून होतो.

सकाळी बाबा आमच्याबरोबर जागा बघायला आले. तंबू एका करवंदीच्या जाळीत अडकला होता. बाबा म्हणाले, ‘‘पोरांनो, ही पाण्याची वाट हाय. त्याच्या अंथरुणात तुमी झोपला, मग त्यानं जावं कुठं?’’

त्यानंतर पुष्कळ वाचलं, पुष्कळ विकत घेतलं. त्यातलं थोडंच उपयोगी पडलं. माझ्या भाच्यानं एकदा परदेशातून गोअर-टेक्सची खोळ आणून दिली. हे कापड मोठं गमतीचं आहे. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोअर यांनी तापलेली टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणण्याऐवजी वैतागून एकदम हिसका देऊन ताणली, तेव्हा त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पदार्थ मिळाला. त्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. थंड कोरड्या देशात हे उत्तम चालतं. जुलैतल्या मुळशीत मात्र बाहेरची हवाच वाफेनं गच्च भरलेली असते. आतल्या वाफेनं जायचं कुठं? झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो. ते सगळं खोळीच्या आतल्या अंगाला जमतं. मी पहाटे उठून खोळ फाटली का, ते शोधत बसलो होतो. ती फाटली नव्हती. मी माझ्याच पाण्यानं भिजलो होतो.

साध्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेतलं तर याहून वाईट. त्यापेक्षा डोक्यावर उंच बांधलेला कागद, दोन्ही बाजू मोकळ्या, वारा खेळता, हे बरं. पश्चिमेची कड जमिनीपर्यंत उतरवायची, पूर्वेची उचलून धरायची. खांब म्हणून सायकल उत्तम. उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली की चाकाला दोरी बांधता येते. खालचा कागद वरच्यापेक्षा चारही बाजूंनी आखूड हवा. आणि एक बारीकशी गोष्ट कुणी सांगत नाही: झाडाला बांधलेल्या दोरीवरून पाणी घरंगळत थेट आत येतं. दोरीला कागदाच्या बाहेर एक चिंधी बांधून लोंबती सोडली, की पाणी तिच्या टोकावरून खाली टपकतं. दोन पैशांची चिंधी, पण हजारो रुपयांच्या तंबूइतकं काम करते.

सामानासाठी माझी पसंती खताच्या रिकाम्या गोणीला आहे. तिच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी असते. स्वच्छ धुऊन, वाळवून, आत झोपायचे कपडे भरायचे, तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बांधायचं. आणि हे कपडे दिवसा घालायचे नाहीत, कितीही गारठलात तरी. सकाळी उठून कालचे ओले कपडेच पुन्हा अंगावर चढवायचे. या सगळ्या प्रकारात धैर्याचं काम एवढं एकच आहे. पहिली दोन मिनिटं शिव्या येतात. पहिला चढ लागला की अंग गरम होतं.

आता घोंगडी. त्या रात्री घोंगडीच का कामाला आली, याचा मी नंतर विचार केला. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा वाफ पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आणि भिजली तरी तिच्या तंतूंमध्ये हवा राहते, म्हणून ऊब टिकते. सुती चादर भिजली की अंगातली ऊब ओढून घेते. आपली घोंगडी दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची. सणगर मंडळी ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन ती विणतात. अंगाला टोचते, हे खरं. तिची खोळ करून डोक्यावरून घेतलेला गुराखी दिवसभर पावसात उभा राहतो. आणि भातलावणीला वाकलेल्या बायका पाठीवर इरलं घेत. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यात पानं बसवलेलं ते छप्परच. त्यात वाफ कोंडत नाही, कारण खालून सगळं मोकळं. आता इरल्याच्या जागी प्लास्टिक आलं आहे. स्वस्त आणि हलकं, तक्रार कशी करणार?

पाऊस नसला म्हणजे कोरडं राहता येतं, असंही नाही. डिसेंबरात मुळशीच्या जलाशयाच्या काठाला झोपून बघा. आभाळ निरभ्र, एक ढग नाही, आणि पहाटे पांघरूण पिळून काढावं इतकं दव. उघड्या आभाळाखाली पांघरुणाची उष्णता वर निघून जाते, ते हवेपेक्षा गार होतं आणि हवेतली वाफ त्यावर बसते. गार हवा जड, ती उतरून पाण्याच्या काठी साचते, म्हणून सगळ्यात जास्त दव तिथंच. पन्नास पावलं वर चढून आंब्याखाली अंथरलं तर पांघरूण कोरडं राहतं. पावसात मात्र उलटं, पाऊस थांबला तरी झाड तासभर गळत राहतं. आणि वळवाच्या दिवसांत एकटं झाड टाळावं, ते विजेमुळं.

त्या काठावर झोपताना मला नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं. याच पाण्याखाली मावळ्यांची भातखाचरं गेली. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सुरू झालेला मुळशी सत्याग्रह, सेनापती बापटांचा, आपण शाळेत एका ओळीत शिकलो. हे पाणी आजही डोंगरापलीकडं भिऱ्याला उतरतं आणि तिथल्या विजेवर मुंबईचे दिवे लागतात. आपण इथं एका रात्रीच्या कोरड्या जागेचा हिशेब करत असतो आणि ज्यांची कायमची जागा पाण्यात गेली त्यांची नातवंडं वरच्या वाडीत राहतात.

आणखी एक सांगायला हवं. ताम्हिणीचं जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे. तिथं वाटेल तिथं पथारी टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळं आता मी सरळ विचारतो. देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा, कुणाची पडवी. दिवस मावळायच्या आत विचारायचं, अंधारात नाही. कोण, कुठले, हे आपणहून सांगायचं. पहिल्या वेळी माझी जीभ अडखळली होती. भिजून मरायला मी तयार होतो, पण विचारायला लाजत होतो, हे आठवून अजून कसंसं होतं.

मित्र त्यानंतर पुन्हा कधी बाहेर झोपला नाही. त्याच्या घरी आम्ही ‘‘थोडे भिजलो’’ एवढंच सांगितलं होतं. अजूनही त्याच्या बायकोला माहीत नाही. आज हे ऐकत असेल तर माझी धडगत नाही. गेल्या जुलैत मी निघालो तेव्हा तो मोटारीनं मागून आला. वाड्यावर बाबा आता नाहीत. आजी आहे, तिला कमी ऐकू येतं. पडवीवर नवे पत्रे घातलेत, पावसात त्यांच्याखाली एकमेकांचं बोलणं कळत नाही. मित्रानं चहा-साखरेची पिशवी तिच्यापुढं ठेवली. तिनं त्याला ओळखलं नाही. मी मोठ्यानं सांगितलं, ‘‘आजी, हा तो, रात्री आणलेला.’’ ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग उठून आत गेली आणि घोंगडी घेऊन आली.

तो म्हणाला, ‘‘अहो, मी मुक्काम नाही करणार.’’ तिला ऐकू गेलं नसावं. तिनं ती पडवीत अंथरली.